बुजलेली दारं : नागपूर ते त्सो मोरीरी

दिवस पहिला : नागपूर – दिल्ली – लेह

आमच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. त्यातली एक वस्ती आमची. दोनदा रंग दिला, तरी ओल येते आणि रेघ पुन्हा उमटते.

पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला जे नातेवाईक धावून आले त्यांत माझ्या नणंदेचे यजमान होते. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बाकी सगळे फावडी-घमेली घेऊन भिडले होते आणि हे भाऊजी सोफ्याजवळ उकिडवे बसून चिखलाचा थर सुरीनं कापून पाहत होते. "वहिनी, पाहा न, खाली रेती आहे अन् वर चिकण माती. म्हणजे पाणी आधी जोरात आलं, मग थांबून राहिलं." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. लडाखची ही सहल म्हणजे भाऊजींनी त्या बोलण्याची केलेली भरपाई, असं माझं मत आहे. त्यांचं मत वेगळं आहे.

तर जूनचा शेवट. इकडे पेरण्या सुरू झालेल्या, पाऊस एक दिवस येऊन चार दिवस गायब. आम्ही चौघं निघालो: मी, हे, वन्सं आणि भाऊजी. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. एका दिवसात एवढी उंची चढायची म्हणजे शरीराला न विचारता त्याची बदली करण्यासारखं आहे. लेहच्या विमानतळावर उतरलो तेव्हा ऊन लख्ख होतं, आभाळ निळंशार होतं आणि वन्सं दहा पावलं चालून बॅगेवर बसल्या. सामानातून काढलेली चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगली होती. ह्यांनी एक दाबून पाहिलं, ते फटकन फुटलं, आणि लडाखच्या भूमीवर पहिलं नागपुरी अन्न सांडलं.

दिवस दुसरा आणि तिसरा : लेह

या दोन दिवसांत फिरण्यासारखं काही केलं नाही, करूही नये. पाणी प्यायचं, झोपायचं, डोकं दुखतंय की नाही याची एकमेकांकडे चौकशी करायची. आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे, शांत. लडाखीत थोरल्या भावाला आचो म्हणतात आणि आदराचं "ले" मागे लावतात, म्हणून आम्हीही त्यांना आचो-ले म्हणू लागलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गावाबाहेर नेलं. चोगलमसरकडे जाताना एका उतारावर घराएवढे गोटे पडलेले होते. ऑगस्ट २०१० मधल्या ढगफुटीचे. लेहमध्ये एरवी वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. त्या रात्री डोंगरावरचा सगळा सुटा माल एकदम खाली आला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आचो-ले म्हणाले, "पाणी नव्हतंच ते. चिखल चालत आला." मी काही बोलले नाही. आमच्याकडे तर नुसतं पाणी आलं होतं.

स्पितुकजवळ सिंधूच्या काठाला पिवळसर मातीचे सपाट थर दिसतात, एकावर एक, पुस्तकाच्या पानांसारखे. भाऊजी म्हणाले की इथे कधीकाळी सिंधू अडली होती आणि तिचं तळं झालं होतं. तळ्यात बसलेला गाळ तो हा. विमानतळाच्या इतक्या जवळ की आम्ही त्या जुन्या तळ्याच्या तळाशीच उतरलो म्हणायचं.

रात्री गेस्टहाऊसच्या अंगणात भाऊजींनी टॅब काढला. सोबत कपभर मिठाचा लोणी-चहा होता, जो वन्संनी मोठ्या निष्ठेनं संपवला आणि मी तितक्याच निष्ठेनं ह्यांच्या कपात ओतला. पडद्यावर उपग्रहातून काढलेलं चित्र होतं: तपकिरी माळ आणि त्यावर चार निळ्या थाळ्या.

"हे तिबेटच्या पठारावरचं, चीनच्या छिंगहाय प्रांतातलं. होह शिल म्हणतात या मुलखाला. माणूस नाही, झाड नाही. ही चार तळी. पाहा, एकमेकांना जोडलेली नाहीत. प्रत्येकाचं आपापलं चालून राहिलं आहे."

मग दुसरं चित्र. वरची थाळी आक्रसलेली, खालची फुगलेली, मधे एक दोरा.

गोष्ट अशी. वरच्या तळ्याचं नाव झोनाग. या शतकात पठारावर पाऊस वाढला, हिमनद्या वितळल्या, झोनाग भरत गेला. सप्टेंबर २०११ मध्ये तो पूर्वेच्या काठावरून ओसंडला. काठ म्हणजे काही दगडी धरण नव्हे, सुट्या गाळाची बसकी कड. पाण्यानं ती खरवडली आणि पाहता पाहता खोल घळ पडली. तळ्यातलं पाणी त्या घळीतून खालच्या कुसाई तळ्यात गेलं, कुसाई भरून सांडलं तसं तिसऱ्यात, आणि तिथून चौथ्यात. चौथ्याचं नाव नुसतंच मिठाचं तळं. बाहेर वाटच नसल्यानं सगळं तिथे साठू लागलं. आधी ते पन्नास चौरस किलोमीटरांचंही नव्हतं, दहाएक वर्षांत दोनशेच्या वर गेलं. जवळून तिबेटला जाणारा रस्ता आणि रेल्वे जाते, म्हणून २०१९ मध्ये कालवा खोदून ते पाणी यांगत्झेच्या एका उपनदीत सोडावं लागलं.

"म्हणजे ज्या पाण्याला समुद्र माहीत नव्हता," भाऊजी म्हणाले, "ते आता शांघायपर्यंत जाऊ शकते."

"आणि वरचं तळं?" वन्संनी विचारलं.

"वरच्याचा मोठा तुकडा उघडा पडला. त्याच्या काठी चिरू हरणं विणीसाठी येतात, हजारोंनी. आता तिथे वाळू उडून राहिली आहे."

मला हे ऐकताना माहेर आठवत होतं. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मालगुजारी तलावांच्या मुलखातलं. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले ते तलाव असेच एकाखाली एक. वरचा भरला की सांडव्यातून खालच्या बोडीत म्हणजे लहान तळ्यात, बोडी भरली की धानाच्या बांध्यांत. फरक एवढाच की तिथे पाण्यानं कुठून सांडायचं हे आधी कुणीतरी माणसानं पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून ठरवलं होतं. लहानपणी मुसळधार रात्री बाबा कंदील घेऊन पारीवर जायचे, सांडव्यात काटक्या अडकल्या आहेत का ते बघायला. आई दारात उभी राहायची. मला वाटायचं तलाव वाहून जाऊ नये म्हणून बाबा जातात. खरं तर पाण्यानं दुसरीकडून दार काढू नये म्हणून जायचे.

दिवस चौथा : लेह – तागलांग ला – त्सो कार

पहाटे निघालो. उपशीपर्यंत सिंधू सोबत, मग ती डावीकडे राहिली आणि आम्ही तागलांग ला चढू लागलो. ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. वर दहा मिनिटं थांबलो. ह्यांनी पाटीजवळ फोटो काढला आणि फोटोत हे असे दिसतात जणू कुणी उधारी मागायला आलंय. खाली उतरल्यावर मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलो आणि मग ते दिसलं.

त्सो कार म्हणजे पांढरं तळं. काठाला मिठाचा पांढरा पापुद्रा आहे, दुरून दही सांडल्यासारखा दिसतो. चांगपा मेंढपाळ पूर्वी इथलं मीठ खरवडून व्यापाराला नेत. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांवर, आणि पाणी खारट. ह्यांनी बोट लावून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि "नुसतं मीठ नाही, कडू पण आहे" असा अहवाल दिला.

गंमत पुढे आहे. त्सो कारच्या दक्षिणेला एक धाकटं तळं आहे, स्तारत्सापुक त्सो. ते गोडं. त्याला ओढे मिळतात आणि त्याचं पाणी बाहेर पडून थोरल्या तळ्यात जातं. थोरल्याला मात्र बाहेर जायला वाट नाही. दोन्ही शेजारी, ऊन तेच, वारा तोच. एक गोडं आणि एक खारं, ते केवळ एकाला दार आहे आणि दुसऱ्याला नाही म्हणून. ओढा डोंगरातून विरघळलेले क्षार थोडेथोडे आणतोच. दार असेल तर ते पुढे निघून जातात. दार नसेल तर उन्हानं पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, कढईत आटवल्यासारखे.

वन्संना एकदम मानसरोवर आठवलं. "मानस गोडं अन् राक्षसताल खारं, ते रावणामुळे ना?" भाऊजींनी रावणाला बाजूला सारलं नाही, पण सांगितलं की मानसरोवर भरलं की त्याचं पाणी गंगा छू नावाच्या प्रवाहातून राक्षसतालात सांडतं. काही वर्षं तो प्रवाह वाहतो, काही वर्षं कोरडा पडतो. वन्सं जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तरी पण रावण असेलच काहीतरी."

समोरच्या डोंगरांच्या अंगावर आडव्या फिकट रेघा होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, सध्याच्या पाण्याच्या कितीतरी वर. मी आधी त्या बकऱ्यांच्या वाटा समजले. त्या जुन्या काठाच्या खुणा. पाणी एकेकाळी तिथवर होतं, थांबत थांबत उतरलं आणि प्रत्येक थांब्याची रेघ राहिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. घरच्या भिंतीचा विषय दोघांनीही काढला नाही.

संध्याकाळी ठुकजे गावाजवळ तंबूत मुक्काम. तिथे भाऊजींनी तो प्रयोग केला, ज्याच्यामुळे मला हे सगळं खऱ्या अर्थानं कळलं. डोंगराच्या घळीतून ओढा जिथे सपाटीवर येतो तिथे गोट्या-रेतीचा पसरट ढीग असतो, जपानी पंख्यासारखा. लडाखभर हे पंखे आहेत. झाडं नसल्यानं उघडे दिसतात. भाऊजींनी पंख्याच्या कडेला रेतीचा छोटा ढीग केला, माथ्यावर बाटलीनं बारीक धार धरली. धार आधी डावीकडून वाहिली. वाहताना रेती घेऊन गेली आणि उतार संपला तिथे टाकली. टाकता टाकता डावी वाट उंच झाली. मग धार थबकली, जराशी पसरली आणि एकाएकी उजवीकडून पळाली. तिकडेही तेच. पुन्हा मधून.

"पाहिलं? कोणी अडवलं तिला? तिनंच स्वतःची वाट बुजवली."

आता हीच गोष्ट मोठी करून पाहा. एका रुंद सपाट खोऱ्यात दोन उतार आहेत, मधला उंचवटा दिसतही नाही इतका बसका. वरचा ओढा आज डाव्या तळ्याला पाणी देतोय. गाळ टाकत टाकत त्यानं आपली वाट उचलली आणि एका पुरात तो उजवीकडे गेला. डावं तळं आटायला लागलं आणि उजवीकडे, जिथे काल चरण्याचं गवत होतं, तिथे तळं सुरू झालं. दुसरा प्रकार: खोऱ्यातून मुख्य नदी संथ वाहते आहे, बाजूच्या घळीतला दांडगा ओढा आपला पंखा पुढे सारतो आणि नदीच्या आडवा टाकतो. नदीत तो उपसून नेण्याचा जोर नसला की ती मागे तुंबते, तुंबलेल्या भागाचं तळं होतं. पठारावर हे अधिक घडतं याचं कारण सोपं आहे. उतार कमी, पाऊस कमी, नद्या अशक्त. कोकणातली नदी असला पंखा एका पावसाळ्यात समुद्रात नेऊन टाकेल.

आचो-ले हे सगळं हात मागे बांधून पाहत होते. प्रयोग संपल्यावर हिंदीत म्हणाले, "सर, ते पिण्याचं पाणी होतं."

दिवस पाचवा : त्सो कार – त्सो मोरीरी

पोलोकोंगका खिंड, मग पुगा. पुग्याला जमिनीतून वाफा येतात, गंधकाचा वास येतो, काठ पिवळे. इथली जमिनीतली उष्णता विजेसाठी वापरायचे प्रयत्न चालू आहेत. उकळत्या झऱ्याजवळ ह्यांनी अंडी उकडता येतील का अशी चौकशी केली. अंडी नव्हती.

वाटेत क्यागर त्सो नावाचं लहानसं खारं तळं लागलं, मग एका वळणावर त्सो मोरीरी. याचं वर्णन करायला मला जमणार नाही. निळा म्हणावा तर कुठला, हा प्रश्न पडतो. अर्ध्या तासात रंग तीनदा बदलला आणि आम्ही चौघंही बोलायचं विसरलो, आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही.

त्सो मोरीरी साडेचार हजार मीटरांवर आहे, सर्वांत खोल जागी शंभर मीटरच्या आसपास. २००२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. काठावर कोरझोक हे गाव, जुना गोंपा म्हणजे बौद्ध मठ आणि जवाची इवली शेतं. शेतं कुठे आहेत? ओढ्यानं तळ्यात सारलेल्या गाळाच्या पंख्यावर. या उंचीवर सपाट आणि ओली माती दुसरीकडे मिळतच नाही. म्हणजे जो गाळ तळ्याची वाट बुजवतो तोच गावाला खाऊ घालतो. मला हे आवडलं. गाळाबद्दल माझं मन सप्टेंबरपासून कडू झालेलं होतं.

दुपारी काठाच्या पाणथळीत पट्टकादंब दिसले. डोक्यावर दोन काळे पट्टे, मागे पिवळसर लोकरी पिल्लांची रांग. हिवाळ्यात हेच पक्षी विदर्भातल्या तलावांवर येतात, हिमालय ओलांडून. लहानपणी मी त्यांना धानाच्या बांध्यांत पाहिलं होतं आणि ते आपलेच असं समजले होते. इथे त्यांची पिल्लं पाहून जरा ओशाळल्यासारखं झालं. आपण ज्याला आपल्या गावचा म्हणत होतो तो पाहुणा निघावा, तसं.

मग भाऊजींचा मुख्य विषय. त्सो मोरीरीला आज बाहेर जायला वाट नाही, पण पूर्वी होती. दक्षिण टोकाला. तिथून पाणी पारे छू नदीकडे जायचं, पारे छू स्पितीला मिळते, स्पिती सतलजला. तो रस्ता बुजला आणि तळं कोंडलं गेलं. म्हणून पाणी आता किंचित मचूळ आहे. दक्षिण टोकापर्यंत आम्ही गेलो नाही. दुर्बिणीतून पाहिलं. जिथे डोंगराची भिंत असायला हवी तिथे नुसती बसकी सपाटी, उन्हात हलणारी.

"एवढंच?" मी म्हटलं. मला काहीतरी कडा, दरड, निदान मोठा दगड अपेक्षित होता.

"एवढंच. दार बंद करायला भिंत कायले पाहिजे? उंबरा उंच झाला तरी पुरते."

हे वाक्य ऐकून हे जोरात हसले, कारण पुरानंतर आम्ही घरी तेच केलं होतं. फाटकापाशी दीड फूट उंचीचा पक्का उंबरा. आता तो ओलांडताना दूधवाला रोज काहीतरी पुटपुटतो.

पारे छूचीच आणखी एक गोष्ट आचो-लेंनी सांगितली, ते तेव्हा किन्नौरकडे गाडी चालवत. २००४ मध्ये तिबेटच्या हद्दीत दरड कोसळून ही नदी अडली आणि तळं झालं. खाली हिमाचलात सगळे धास्तावले, गावं हलवली, पण तळं टिकून राहिलं. लोक परत आले. जून २००५ मध्ये ते फुटलं आणि सतलजेला मोठा पूर आला, पूल आणि रस्ते गेले. गाळाच्या पंख्यानं अडलेलं तळं हजारो वर्षं जगतं, दरडीनं अडलेलं बहुधा अल्पायुषी. पंखा पसरट असतो, पाणी त्यातून झिरपतं. दरडीचा ढीग अरुंद असतो, पाणी माथ्यावरून गेलं की संपलं.

रात्री थंडी इतकी की वन्संनी स्वेटरवर साडी आणि साडीवर स्वेटर घातला.

दिवस सहावा : त्सो मोरीरी – चुशूल – पँगाँग

लांबचा पल्ला. माहेच्या पुलावर सिंधू पुन्हा भेटली, पण ही लेहजवळची सिंधू नव्हे. न्योमापासून पुढे खोरं रुंद होतं आणि नदी निवांत नागमोडी जाते. नागमोडी हा शब्द आम्हा नागपूरकरांना वेगळा शिकवावा लागत नाही. गवताच्या हिरव्या पट्ट्यात मधेच चंद्रकोरीसारखी डबकी चमकत होती. सहावी-सातवीच्या भूगोलातलं नालाकृती सरोवर! वळणाचा बाहेरचा काठ नदी खाते, आतल्या काठाला गाळ टाकते, वळणाची मान बारीक होत जाते आणि एका पुरात नदी मान तोडून सरळ निघते. मागे राहतो घोड्याच्या नालेसारखा पाण्याचा तुकडा. परीक्षेत मी याची आकृती काढून चार गुण मिळवले होते, प्रत्यक्ष आज पाहिलं. काठावर कियांग म्हणजे रानगाढवं चरत होती.

चुशूलच्या अलीकडे रेझांग लाचं स्मारक आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंचे जवान इथे शेवटपर्यंत लढले. वारा भणाणत होता. तिथे भाऊजीही तळ्यांबद्दल काही बोलले नाहीत.

अंधार पडता पडता पँगाँगच्या काठी स्पांगमिकला पोचलो.

दिवस सातवा : पँगाँग – चांग ला – लेह

पँगाँगबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. एका सिनेमापासून तिथे पिवळी स्कूटर आणि रंगीत स्टुलं भाड्यानं मिळतात. ह्यांनी पैसे भरून स्कूटरवर बसून घेतलं. मी फोटो काढला. विषय संपला.

मला सांगायचं आहे ते तळ्याच्या पश्चिम टोकाबद्दल, जिथे कोणी थांबत नाही. तळं १३४ किलोमीटर लांब, साधारण एक तृतीयांश आपल्याकडे, बाकी पूर्वेला. पूर्वेचं पाणी गोडं आणि पश्चिमेचं खारं. एकच तळं, पण पूर्वेला नद्या येऊन मिळतात आणि पश्चिमेचं टोक म्हणजे बंद गल्ली. ही गल्ली पूर्वी बंद नव्हती. लुकुंगपासून टांगत्सेकडे जाणारं खोरं हीच पँगाँगची जुनी वाट. पाणी इथून श्योक नदीला मिळायचं आणि श्योकमार्गे सिंधूला. नैसर्गिक बांध तयार झाला आणि वाट तुटली.

आमची गाडी त्याच जुन्या वाटेनं चालली होती. रस्ता चढतोय असं पोटातलं पाणीही सांगेना. हिरवी कुरणं, मार्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी, दोन्ही बाजूंनी उतरलेले गाळाचे पंखे. मी काचेतून पाहत होते आणि पहिल्यांदाच कोणी न सांगता मला ते दिसलं: हे रिकामं खोरं त्यात वाहणाऱ्या एवढ्याशा ओहोळाच्या मानानं फार मोठं आहे. हे याचं माप नव्हे. थोरल्याचा सदरा धाकट्याला घातलाय.

"भाऊजी," मी म्हटलं, "हा ओढा भाडेकरू आहे ना? घर दुसऱ्याचं होतं."

भाऊजी पुढच्या सीटवरून वळले. शिकवणीची पन्नास-साठ वर्षं वाया गेली नाहीत असा चेहरा झाला त्यांचा. खरं तर शिकवणी पस्तीस वर्षांचीच होती.

चांग लावर बर्फ पडत होतं. वन्संनी मूठभर बर्फ डब्यात भरून घेतलं, लेहला पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं. ते त्यांनी गेस्टहाऊसच्या जर्दाळूच्या झाडाला घातलं.

दिवस आठवा : लेह – दिल्ली – नागपूर

आचो-लेंना निरोप देताना उरलेली संत्रा बर्फी दिली. त्यांनी भाऊजींना एक पाण्याची बाटली दिली, गंभीर चेहऱ्यानं.

नागपुरात उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबलेला. दारं उघडताच ती दमट, ओल्या मातीची हवा आली आणि आठ दिवसांनी नाकपुड्यांना बरं वाटलं. घरी येताना नाग नदीवरचा पूल लागला. चहाच्या रंगाचं पाणी, बऱ्यापैकी वेगानं. टॅक्सीवाला म्हणाला, "काल लय पडला बाप्पा." ही नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. हिला दार आहे, फक्त ती दारापर्यंत पोचायच्या आधी पूल, भिंती आणि आम्ही आहोत.

भाऊजी-वन्सं चहाला थांबले. मी चहा टाकला तोवर भाऊजी बाहेर गेले होते. खिडकीतून पाहिलं तर गल्लीत उभं राहून एक डोळा मिटून रस्त्याकडे बघत होते. मग आत आले, मोरीतली बादली भरली आणि परत बाहेर. मीही मागून गेले. हे पण आले. समोरच्या काकू कठड्यावर टेकून बघू लागल्या.

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी जुन्या रस्त्यावरच नवं सिमेंट टाकलं, जुनं न खोदता. त्याआधीही दोनदा तसंच. भाऊजींनी फाटकापासून पंधरा पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, बादली हळूहळू ओतली. गटार उजवीकडे आहे. पाणी जरासं उजवीकडे गेलं, थबकलं, पसरलं आणि वळलं. सावकाश, काही घाई नसल्यासारखं, ते आमच्या उंबऱ्याशी आलं, उंबरा उंच असल्यामुळे तिथे थांबलं आणि मग डावीकडे काकूंच्या फाटकातून आत गेलं.

काकू म्हणाल्या, "अगं बाई."

भाऊजींनी खिशातून खडू काढला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात खडू असतो. रस्त्यावर ओल जिथे वळली होती तिथे त्यांनी एक रेघ मारली.

"अजून एक बादली आणा, वहिनी."

"चहा उकळतोय," मी म्हटलं, आणि बादली भरायला आत गेले.